तिसऱ्या नावाचे ठसे

प्रिय लायल,

पत्र उघडलंस, कारण पाकिटावर माझं अक्षर नाही. पत्ता डोरीनने लिहिला आहे. माझ्या अक्षरातलं पाकीट तू न उघडता परत पाठवशील, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, तो तसा नाही. ती म्हणाली, "तू तसा आहेस, म्हणून म्हणते." तेव्हा आधीच कबूल करतो की अकरा वर्षांनी सख्ख्या भावाला लिहितोय, आणि सुरुवातच लबाडीने केली आहे.

इकडे सगळं ठीक. खालच्या रस्त्यावरचं बर्फ गेलं, वरच्या खिंडीत अजून कमरेएवढं आहे. डोरीनचा डावा गुडघा बदलला. नवा गुडघा जुन्यापेक्षा जास्त बोलतो, असं ती म्हणते, पण मला त्याचं काही ऐकू येत नाही. मी अजून विटा रचतो, पण आता फक्त धुराडी आणि घरातल्या शेकोट्या. माणसांना घरं लाकडाची हवी असतात आणि धूर तेवढा विटेतून जायला हवा असतो. तू तिकडे ॲरिझोनात गोल्फच्या मैदानावर गवत कापतोस हे कळलं. डोरीन आणि तुझी बायको एकमेकींना नाताळची कार्डं पाठवतात, आणि ते मला माहीत नाही अशी दोघींची समजूत आहे. ती समजूत राहू दे.

मोठी बातमी अशी की मी रायफलसाठी सायलेन्सर घेतला. घेतला म्हणजे पैसे दिले. तो माझा आहे, पण माझ्याकडे नाही. गेले दहा महिने तो मर्ल टोलेफसनच्या दुकानात लोखंडी कपाटात बंद आहे, कारण सरकारचा होकार यायचा आहे. मर्ल त्याला 'डबा' म्हणतो, आणि आता मीही म्हणतो. तू म्हणशील, या वयात हे खूळ कशाला. कारण कान. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते गेलं, उरलंय ते सांभाळा. कानात बोळे घातले की एल्क हरणाची चाहूल ऐकू येत नाही. बोळे काढून बार उडवला की नंतर काहीच ऐकू येत नाही. त्या बाई स्वतः शिकारीला जातात. त्यांनीच सांगितलं, रायफलच्या तोंडाला सायलेन्सर लावा. मला या नोव्हेंबरात पुन्हा खिंडीत जायचं आहे, लायल. अकरा वर्षं गेलो नाही. एकट्याने जायचं माझं वय राहिलं नाही, आणि दुसऱ्या कुणाबरोबर जायची सवय नाही. आपलं बोलणं कशावरून थांबलं ते पुढे लिहावं लागणारच आहे. जरा थांब, आधी हसण्यासारखं आहे ते सांगतो.

पहिली भानगड बोटांची. अर्जाबरोबर दहाही बोटांचे ठसे लागतात, दोन पुठ्ठ्यांवर. ते शेरीफच्या कचेरीत मार्लिस घेते. तीच मार्लिस, शाळेत आपल्या पुढच्या बाकावर बसून मागे न बघता आपली नक्कल करायची ती. तिने माझा अंगठा शाईवर फिरवला, पुठ्ठ्यावर फिरवला, आणि चष्मा कपाळावर चढवून बघत राहिली. म्हणाली, "ऑरिन, हे काय? नुसता डाग आलाय. बटाटा बुडवून मारल्यासारखा." दुसरं बोट. पुन्हा बटाटा. चाळीस वर्षं चुना आणि सिमेंट कालवून, विटा घासून बोटांवर काही शिल्लक नव्हतं. तिने कचेरीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. एक हवालदार म्हणाला, "याने खून केला तर आपल्याला काही सापडायचं नाही." मार्लिस म्हणाली, "आणि वर हा बंदुकीचा आवाज बंद करायचं यंत्र मागतोय." मग मला म्हणाली, "घरी जा. दोन आठवडे विटेला शिवू नकोस. मलम लाव. रेषा परत येतात. माझ्या मेव्हण्याच्या आल्या होत्या, पण तो मुळात कामच करत नव्हता."

दोन आठवडे, लायल. गाईच्या सडांना लावायचं ते पिवळं मलम डोरीनने हिरव्या डब्यातून माझ्या बोटांना फासलं आणि वर तिचे चर्चला जायचे पांढरे हातमोजे चढवले. मनगटाला बारीक लेस आहे त्यांना. त्या हातांनी मी कॉफी प्यायलो, काटा धरला, कुत्र्याला फिरवलं. पाद्री नेमके त्याच आठवड्यात आले. त्यांनी हातांकडे बघितलं, आणि जाताना डोरीनचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. पंधराव्या दिवशी मार्लिसने पुन्हा बोटं फिरवली आणि ओरडली, "आल्या!" मला स्वतःच्या बोटांवर रेषा बघून विचित्र वाटलं. वडिलांच्या हातासारखा हात दिसत होता. त्यांच्याही बोटांवर ते शेतावर होते तोवर काही नव्हतं. रेषा आल्या त्या शेवटच्या वर्षी, दवाखान्यात.

मग फोटो. औषधांच्या दुकानात काढतात, पांढऱ्या भिंतीपुढे. हसायचं नाही, असा नियम आहे. डोरीन फोटो बघून म्हणाली, "चाळीस वर्षांत तुझा हा पहिला चांगला फोटो. यात तू हसायचा प्रयत्न करत नाहीयेस." एक जादाची प्रत तिने फ्रिजवर लावली आहे. मग प्रश्नांची यादी. तुम्ही फरार आहात का? तुमच्यावर कुठे खटला आहे का? डोक्यात बिघाड असल्याचं कुणी ठरवलं आहे का? डोरीन मोठ्याने वाचत होती आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबून माझ्याकडे बघत होती. डोक्याच्या प्रश्नावर म्हणाली, "कोर्टाने ठरवलेलंच विचारतायत, की घरातलंही चालेल?" आणि दोनशे डॉलर कर. हा कर आजोबांच्या वेळी बसवला तेव्हाही दोनशेच होता. मर्ल म्हणतो, या देशात न वाढलेली ही एकच गोष्ट आहे, म्हणून आनंदाने भर.

अर्जाची एक नक्कल शेरीफलाही पाठवावी लागते. शेरीफकडे गेलेलं टपाल मार्लिस उघडते. म्हणजे रविवारपर्यंत सगळ्या खोऱ्याला माहीत. प्रार्थनेनंतर कॉफी घेताना पाद्रींनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, "ऑरिन, मन मोकळं करायचं असेल तर माझं दार उघडं आहे." मी म्हटलं, कानांसाठी आहे हो, बाकी काही नाही. त्यांना वाटत होतं ते सिनेमातलं यंत्र, की माणूस पडतो आणि शेजारच्या टेबलावरचा सूप पीत राहतो. मी त्यांना मर्लच्या दुकानामागच्या मैदानात घेऊन गेलो. तिथल्या दंतवैद्याचा डबा मंजूर होऊन आला होता, त्याने बार काढून दाखवला. ट्रकचं मागचं फळकूट कुणी रागाने आपटावं तेवढा आवाज झाला. पाद्री म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं त्यांना काहीतरी जास्त वाईट हवं होतं.

मर्लच्या दुकानाविषयी सांगायलाच हवं. तुझ्या वेळी तिथे गळ आणि गांडुळं होती. आता बंदुका आहेत, शेगडीजवळ एक लांब बाक आहे, आणि शनिवारी त्यावर डब्यांची वाट बघणारी माणसं बसतात. मर्लने भिंतीवर पेन्सिलीने सगळ्यांची नावं लिहिली आहेत आणि पुढे दिवस. प्रत्येकाला पाच मिनिटं भेट. मर्ल किल्ली काढतो, कपाट उघडतो, डबा हातात देतो. काळी नळी, टॉर्चएवढी, दिसायला काही नाही. हातात धरायची, फिरवून बघायची, परत द्यायची. पहिल्या शनिवारी मी विचारलं, "दारापर्यंत नेऊ का? उजेडात बघतो." मर्ल म्हणाला, "ने. मी तुझ्याबरोबर दारापर्यंत चालेन, आणि तू उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर आपण दोघं एकाच कोठडीत." कुणाचा होकार आला की तो गाईच्या गळ्यातली घंटा वाजवतो. सगळे अभिनंदन करतात, मनापासून कुणी करत नाही. दंतवैद्याला डबा मिळून तीन महिने झाले, तरी तो दर शनिवारी येऊन बसतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही की मिळाला. शनिवार सुटला तर घरी गॅरेज आवरावं लागेल.

या बाकावर वेळ भरपूर असतो. प्रत्येक जण आपण डबा का घेतोय ते सांगतो. कुणाची कुत्री बाराला घाबरते, कुणाच्या शेजारी कॅलिफोर्नियाची माणसं राहायला आली आहेत. मी आपली गोष्ट सांगायचो. खिंडीतली. मी ती दहा महिन्यांत किती वेळा सांगितली असेल, मोजली नाही. ती चांगली जमते. मी पडलेल्या झाडाआड पालथा, दोन तास, दाढीत बर्फ. सहा टोकांच्या शिंगांचा नर झाडीतून बाहेर येतो. मी श्वास सोडतो. आणि तेवढ्यात माझ्या डाव्या कानाला लागून, माझ्या भावाची ती नवी रायफल, तोंडाला भोकांची टोपी बसवलेली, सगळा धमाका बाजूला फेकणारी. नर पडतो. माझा कान जातो. इथे मी थांबतो, आणि बाकावरचे सगळे दात चावून "स्स्स" करतात. मर्ल म्हणतो, "सख्खा भाऊ?" मी मान डोलावतो.

आता तुला जे सांगायचं ते. डॉक्टरीणबाईंनी गेल्या एप्रिलमध्ये माझे दोन्ही कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मग कागदावर रेघ काढून देतात. दोन रेघा होत्या, एक डाव्या कानाची, एक उजव्या. दोन्ही एकीवर एक पडल्यासारख्या. एकाच जागी खाली उतरलेल्या, सारख्याच. मी म्हटलं, काहीतरी चुकतंय, माझा डावा कान भावाने बार काढून घालवला, उजवा चांगला आहे. त्या म्हणाल्या, "एका बाराने डाव्यातच फरक पडला असता. तो असेलही थोडा, पण इथे दिसत नाही. हे रोजच्या आवाजाने होतं, वर्षानुवर्षं. काम काय करता?" मी म्हटलं, विटा कापतो. त्या म्हणाल्या, "करवतीवर असताना कानाला काय लावता?" मी म्हटलं, पेन्सिल.

करवतीचा आवाज अडवायला तू आणून दिलेली ती पिवळी कर्णटोपी आठवते का? मी ती सिमेंट कालवायच्या मिक्सरच्या दांड्याला टांगली होती. तू रोज सकाळी काढून माझ्या हातात द्यायचास, मी रोज परत टांगायचो. म्हणायचो, हिने ओळंबा दिसत नाही. ओळंब्याचा कानाशी काय संबंध, असं तू एकदाही विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस, असं नाही म्हणत.

तर डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन मी घरी आलो आणि तो पिकअपच्या खणात घातला. डोरीनला सांगितलं, कान गेलेत, सायलेन्सर घ्यायचा आहे. कशाने गेलेत ते तिने विचारलं नाही, कारण तिला ते माहीत होतं, कारण मीच अकरा वर्षं सांगत होतो. आणि मग मी मर्लच्या बाकावर जाऊन तीच गोष्ट सांगत राहिलो, भोकांच्या टोपीसकट, सगळं माहीत असताना. का, ते मला नीट सांगता येणार नाही. एक तर ती जमली होती. दुसरं, ती काढून टाकली तर अकरा वर्षं आपण बोललो नाही याला मी कारण काय सांगणार होतो?

आणखी एक गोष्ट बाकावर कधी सांगितली नाही. नर पडल्यावर तू माझ्याकडे वळून गुडघ्यावर बसलास आणि काहीतरी बोललास. बराच वेळ बोललास. मला तोंड हलताना दिसत होतं, कानात फक्त शिट्टी होती. तुझं संपल्यावर मी त्याला उत्तर दिलं. ते तुला पाठ असेल, मी इथे लिहीत नाही. घरी आल्यावर डोरीनने विचारलं, "पण तो काय म्हणाला?" मी म्हटलं, ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "मग उत्तर कशाला दिलंस?" मी तिला म्हटलं, तू यात पडू नकोस. ती पडली नाही. त्याच महिन्यात तू सामान भरलंस.

आता कागदाची भानगड, ती शेवटची. हा डबा एकट्याच्या नावावर घेता येतो. पण मग मी घरात नसताना तो डोरीनच्या हाती असला, तर कायद्याने ती गुन्हेगार. हे मर्लने समजावलं तेव्हा ती शेजारी उभी होती. म्हणाली, "चाळीस वर्षं याचे बूट उचलले, त्यात तुरुंगाची भीती नव्हती." म्हणून लोक ट्रस्ट करतात. डबा ट्रस्टच्या मालकीचा, आणि जितके विश्वस्त तितक्यांनी तो वापरावा. मी म्हटलं, ट्रस्ट श्रीमंत माणसांचे असतात, वर इमारतीला नाव असतं. मर्ल म्हणाला, "तुझ्या ट्रस्टची मालमत्ता नऊ इंच आहे. जा वकिलाकडे." वकीलबाई आपल्या मुलांच्या वयाची. तिने विचारलं, ट्रस्टचं नाव काय ठेवायचं? काही सुचेना, म्हणून आईचं दिलं. तेव्हा सरकारदरबारी आता 'आयोन हौगेन ट्रस्ट' आहे, आणि त्याचं एकमेव काम आवाज कमी करणं हे आहे. आई, जिची हाक पोर्चवरून गवताच्या शेवटच्या वावरापर्यंत पोचायची, आणि शेजाऱ्यांची पोरंसुद्धा जेवायला घरी पळायची.

मग तिने विचारलं, विश्वस्त कोण कोण? मी म्हटलं, मी, डोरीन आणि लायल. विचार करून म्हटलं नाही. आपल्या प्रत्येक कागदावर तेच असायचं. मिक्सर, करवत, बँक, आईवडिलांच्या थडग्याशेजारची जागा. तोंडाला सवय आहे. पिकअपच्या दारावर 'हौगेन ब्रदर्स' अजून तसंच आहे. डोरीन म्हणते रंगवून टाक, मी म्हणतो रंग महाग आहे. वकीलबाईने विचारलं, लायलचा पत्ता? आणि मी सांगितला, घर नंबर, रस्ता, पोस्टाचा आकडा, सगळा, एका दमात. मला तो पाठ आहे हे मलाच माहीत नव्हतं. नाताळची कार्डं डोरीन स्वयंपाकघरात लपवते, पिठाच्या डब्यामागे. पीठ मीही काढतो.

मला वाटलं नाव लिहिलं की झालं. जसं ते दारावर आहे तसं राहील, कुणाला त्रास नाही. मर्लने अर्ज पाठवताना विचारलं, "सगळ्या विश्वस्तांचे ठसे, फोटो, प्रश्न जोडलेत ना?" मी म्हटलं, जोडलेत. माझे होते, डोरीनचे होते. तिचे ठसे मार्लिसने पहिल्या फटक्यात घेतले आणि मला दाखवून म्हणाली, "बघ, याला बोटं म्हणतात." तू माझ्या डोक्यातच आला नाहीस. किंवा एवढा आलास की वेगळा दिसला नाहीस. दहा महिने गेले. दोनशे नव्वदाव्या दिवशी मर्लचा फोन आला, दुकानात ये. मी धावत गेलो. बाक भरलेला होता, सगळे घंटेकडे बघत होते. मर्लने घंटा वाजवली नाही. एक पत्र हातात दिलं. सरकारने लिहिलं होतं, सभ्य भाषेत, की ट्रस्टच्या कागदात विश्वस्त तीन आहेत आणि बोटं वीसच आली आहेत. तिसरे गृहस्थ, लायल एडविन हौगेन, यांचे ठसे, फोटो आणि प्रश्नांची उत्तरं नाहीत. तीस दिवसांत द्यावीत, नाहीतर अर्ज रद्द. मर्लने ते बाकावर सगळ्यांसमोर वाचलं. दंतवैद्य म्हणाला, "लायल? तोच? कान फोडणारा?" मर्ल चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "ऑरिन, तू बंदुकीच्या कागदावर अशा माणसाचं नाव का घातलंस?" तेव्हा मी उठलो, पिकअपच्या खणातून डॉक्टरीणबाईंचा कागद आणला आणि मर्लच्या हातात दिला. तो हातोहात बाकाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेला. दंतवैद्याला असले कागद कळतात. तो म्हणाला, "ही तर करवत." या वेळी कुणी "स्स्स" केलं नाही. घरी येऊन डोरीनलाही दाखवला. तिने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि एवढंच म्हणाली, "पेन कुठंय ते तुला माहीत आहे."

म्हणून हे पत्र. मर्लच्या मते सोपा उपाय एक पानाचा आहे: तिसरं नाव ट्रस्टमधून वगळण्यात येत आहे, खाली माझी सही, नोटरीचा शिक्का, चार दिवसांत काम. वकीलबाईने ते पान टाइप करून पाठवलं आहे. ते इथे टेबलावर आहे आणि मी त्यावर सही करणार नाही. एकोणीस दिवस उरलेत. ते गेले तर अर्ज जाईल, डबा परत जाईल, जाऊ दे. तू हे करावंस असं माझ्याकडे मागायला तोंड नाही. कान तू घालवला नाहीस. मी घालवला, आणि दोष तुझ्या नावावर अकरा वर्षं ठेवला. ते नाव कागदावरून पुसायचा हक्क मला नाही, तुला आहे. हवं तर तू लिहून दे, मी त्यावर सही करीन. आणि नसेल पुसायचं, तर आत दोन कोरे पुठ्ठे आणि प्रश्नांची यादी ठेवली आहे. फरार आहात का, या प्रश्नाला 'नाही' लिहायचं. मला तुझ्या बाबतीत जरा विचार करावा लागला, पण तू पत्ता देऊन गेला होतास, तेव्हा 'नाही'च. ठसे तिकडच्या शेरीफकडेही घेतात, पोस्टाने आले तरी सरकारला चालतात. फक्त मार्लिस म्हणते, दुसऱ्या काउंटीत घेतलेल्या ठशांवर तिचा काडीचा विश्वास नाही, तिकडचे लोक बोट घासतात, फिरवत नाहीत, आणि हौगेनांची बोटं असतील तर ती स्वतःच घेणार. ती कचेरीत मंगळवारी आणि गुरुवारी असते. गाडी मागच्या बाजूला लाव.

तुझाच, मोठ्याने बोललास तर अजून ऐकू येणारा,
ऑरिन